विहीणबाईंची निळी ओळ

विहीणबाई, तुमची खोली मी जाऊ देणार नाही. एवढं आधी सांगून टाकते, मग रडायचं तेवढं रडू.

तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि काल सकाळी चहा पिताना व्याही म्हणाले, मागची खोली कॉट बेसिसवर द्यावी म्हणतो. गल्लीत सगळ्यांनीच दिल्यात. क्लासची तीन पोरं राहतील, घरात आवाज राहील. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढं सांगितलं की खोली बंद दिसली की त्यांना वाटतं, तुम्ही आत काचेच्या नळ्या धुऊन राहिल्या. माणूस वाईट नाही हो तुमचा. त्याला ती खोली बघवत नाही, एवढंच.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, रविवारी खोली मी उघडणार.

"ताई, तुम्ही मराठीच्या," ते म्हणाले. "थुंकीवर काय, अलंकार शिकवणार का पोरांना?"

गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असा टोमणा आला, म्हणून मी तो गोड मानून घेतला. पण अट त्यांनी पक्की घातली. या रविवारी उघडा. पोरं आली, काही शिकली, तर बघू. नाही तर एक तारखेला कॉट येतील.

आता बाहेरच्या माणसाला हे कसं सांगायचं? सगळ्या मराठवाड्यातून पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, आणि त्या लातुरात कॉलेजातून निवृत्त झालेली एक जीवशास्त्राची बाई घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दर रविवारी पोरांना थुंकायला बोलवायची. देगलूरची, कंधारची, माहूरकडची पोरं. आठवडाभर क्लास, टेस्ट, मेस, कॉट. रविवारी तुमच्याकडं. नांदेडला माझ्या भजनी मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं होतं, "बरी आहे ना हो तुमची विहीण?"

बरी होती. आपल्या दोघींत तुम्हीच बऱ्या होतात.

आपली पहिली भेट भूकंपातली. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, शाळेत मराठी शिकवणारी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत दुरुस्ती सुचवणारी बाई. शाळेतल्या आम्ही काहीजणी ट्रकमधून भाकऱ्यांची गाठोडी घेऊन नांदेडहून किल्लारीच्या बाजूला आलो होतो. आणि मी नेसले काय होते, तर कांजी घातलेली कडक सुती साडी. लोकांची घरं भुईसपाट झालेली, आणि माझी निरी मोडायला तयार नाही. आज त्या बाईला रस्त्यात बघितलं तर मी पलीकडच्या फुटपाथनं जाईन.

एक म्हातारी पत्र्याच्या शेडला पाठ लावून बसली होती. मांडीवर नातू, नुकते दात फुटू लागलेला. त्याची आई सोलापूरच्या दवाखान्यात. म्हातारी आम्हीच आणलेल्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची, सावकाश चावायची, मऊ गोळा बोटावर काढायची आणि पोराच्या तोंडात घालायची. मी पाहिलं आणि माझ्या अंगात आरोग्य खातं शिरलं. तिच्या हातातला तुकडा मी काढून घेतला, जंतूंवर व्याख्यान दिलं आणि बिस्किट दुधात बुडवून पोरापुढं धरलं. पोरानं ते माझ्या निरीवर थुंकलं.

"बिस्कुट न्हाई जात त्येला, बाई," म्हातारी म्हणाली. "परवाधरनं माझ्या तोंडचंच तेवढं खातंय."

तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. बारीक, चष्मेवाली, केसांत धूळ, ओळखदेख काही नाही. "ताई, काय करून राहिल्या तुम्ही? द्या ते परत तिला." आणि मग तिथं, त्या ढिगाऱ्यात, तुम्ही मला समजावायला लागलात की भाकरी पोटात जाण्याआधी तोंडातच शिजायला लागते. आपल्या थुंकीत एक विकर असतं, ते पिठूळ पदार्थ तोडून त्याची साखर करतं. बाळाच्या तोंडात ते अजून कमी असतं, आजीच्या तोंडात भरपूर. म्हणून आजी अर्धा स्वयंपाक तोंडातच करून देऊन राहिली.

मी म्हटलं, आणि जंतू?

तुम्ही म्हणालात, "जंतू पण आहेत. आज भूक मोठी आहे."

मी भाकरी परत दिली, पण वाद परत दिला नाही. तो मी नांदेडला घेऊन गेले. मला अजूनही वाटतं, माझं अगदीच चुकीचं नव्हतं. दातांची कीड अशीच आजीच्या तोंडातून नातवाच्या तोंडात जाते, हे पुढं तुम्हीच मला वाचून दाखवलंत ना? जंतू विरुद्ध विकर. इतकी वर्षं आपण हा खटला चालवला, आणि दर वेळी दोन्ही बाजूंना वाटायचं की निकाल आपल्या बाजूनं लागला.

पुढं माझ्या पोराला तुमची लेक वैशाली सांगून आली तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही मात्र मला पोहे देतानाच ओळखलं होतं, आणि लग्न होईपर्यंत गप्प बसलात. काय संयम म्हणायचा हा! मी तर मुलाची आई. मांडवात अशी वावरत होते, जशी काही निजामाची खालसा झालेली जहागीर मला परत मिळाली. विहिणीच्या पंगतीत चौरंगावर बसले, तुमच्याकडून कोमट पाण्यानं पाय धुवून घेतले, पाणी जास्त गार आहे म्हणून एकदा बदलायला लावलं. हो, लावलं. मग तुम्ही जिलबीचा घास माझ्या तोंडाजवळ आणलात, सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या, आणि तुम्ही माझ्या कानाशी हळूच म्हणालात, "खा निवांत. चावलेला नाही."

घास तोंडात, आणि मला आठवलं. ढिगारा, म्हातारी, चष्मा, सगळं. हसावं तर जिलबी बाहेर येते, गिळावं तर ठसका लागतो. लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे, वरमाई डोळे पुसतीये. लोकांना वाटतं, भावनेनं.

तेव्हापासून तुम्ही माझ्या झालात. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. विहिणींनी एकमेकींना असं काही बोलायचं नसतं, म्हणून जन्मभर तुमच्या भाजीला मीठ कमी असल्याचं बोलत राहिले.

मग आपली रेवा झाली. आणि तिच्या बारशापासून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, पोर कुणावर गेली. नाक नांदेडचं, हे तुम्ही मुकाट्यानं कबूल केलंत. कपाळ लातूरचं, हे मी दिलं. हट्ट कुणाचा यावर एकमत झालं नाही, कारण दोघींनाही तो हवा होता.

अकरावीला तिला तुमच्याकडं आणून सोडलं, तेव्हा पहिल्यांदा मी तुमची खोली बघितली. भिंतीला लाकडी फळ्या, नळ्यांचे स्टँड, आणि न्हाणीघरात लावून उरलेल्या पांढऱ्या टाईलांचा ढीग. शहरभर क्लासच्या पाट्या वाढत चालल्या होत्या आणि प्रयोग कमी होत चालले होते. एका क्लासनं तुम्हाला शिकवायला बोलावलं होतं, चांगल्या मानानं. तुम्ही पहिल्याच दिवशी नळ्यांचं विचारलंत, तर ते म्हणाले, मॅडम, यावर एकच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर एका ओळीत आहे. तुम्ही तिथून उठून आलात आणि पत्र्याच्या खोलीला पांढरा चुना लावून घेतलात.

त्या रविवारी तुम्ही मलाही पोरांच्या रांगेत बसवलं. आधी चूळ भरायची. मग ज्याची त्यानं आपापल्या वाटीत थुंकायचं, आपली वाटी आपणच धुवायची. पातळ कांजीत थोडी थुंकी घालायची, नळी कोमट पाण्यात उभी करायची, आणि थोड्या-थोड्या वेळानं त्यातला एक थेंब टाईलवर ठेवून वर आयोडीनचा थेंब सोडायचा. कांजी शिल्लक असेल तोवर थेंब निळा होतो. विकरानं कांजी संपवली की निळा होत नाही, आयोडीनचा पिवळाच राहतो. ज्याच्या त्याच्या नावापुढं ठिपक्यांची ओळ उमटत जाते, रांगोळीसारखी.

माझी ओळ चार ठिपक्यांत संपली. निळा, जांभळा, तपकिरी, पिवळा. पोरांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. आणि तुमची ओळ? निळा, निळा, निळा, निळा. टाईलच्या पार कडेला जाऊन कुठं फिकी पडली. म्हणजे जन्मभर थुंकीतलं विकर शिकवलं, आणि स्वतःच्या थुंकीत त्याचाच दुष्काळ.

मी काय काय केलं नाही! जेवताना प्रत्येक घासाला म्हणायचे, विहीणबाई, हळू, तुम्हाला वेळ लागतो. नांदेडला जाऊन मंडळात सांगितलं की लातूरला माझी थुंकी पहिली आली. लोक पुढाऱ्यांची थुंकी झेलतात, आमच्याकडं शास्त्रज्ञ झेलतात. पन्नाशीची असते तर समजून घेतलं असतं. मी तेव्हा साठी ओलांडून बसले होते. सगळ्याच मूर्खपणाला तरुणपणाचं निमित्त मिळत नाही.

तुम्ही माझं सगळं होऊ दिलंत. मग एका संध्याकाळी क्लासच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानासमोर उभं करून मला समजावलंत. दुकानात पोरांची गर्दी, मशीन नोट्सच्या प्रतींवर प्रती काढतंय. तुम्ही म्हणालात की हे विकर बनवायची कृती प्रत्येक माणसाच्या पेशीत लिहिलेली असते, जनुक म्हणतात तिला. कृती सगळ्यांची जवळपास एकच. पण कुणाकडं तिच्या दोनच प्रती असतात, कुणाकडं सहा, कुणाकडं दहा-बारा. काही आईकडून आलेल्या, काही बापाकडून. प्रती जास्त तर साधारणपणे विकर जास्त. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या धान्य, कंद असलं पिठूळ खात आले, त्यांच्यात सरासरीनं प्रती जास्त सापडतात.

मी लगेच म्हटलं, म्हणजे आमचं घराणं जुनं ज्वारीचं.

"सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे, ताई," तुम्ही म्हणालात. "आणि एका ओळीवरून घराणं काढू नका."

नुसत्या प्रतींवर सगळं ठरत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, माणूस घाबरलेला आहे का, तोंड कोरडं आहे का, सगळ्याचा हात असतो त्यात. आणि थुंकी मंद असली म्हणून कुणी उपाशी राहत नाही. पुढं स्वादुपिंड तेच काम करायला बसलेलं असतं. म्हणूनच तुम्ही दर वर्षी नव्या पोरांसमोर पहिली ओळ स्वतःची काढायचात. कारण रांगेत एखादं तरी पोर असतं, ज्याचा निळा जात नाही, आणि ते शेजाऱ्याची ओळ बघून पिवळा लिहून टाकतं. पुस्तकात जातो म्हणून. तुमची लांबलचक निळी ओळ समोर दिसली की त्याची भीती मोडते. "दिसलं ते लिही," एवढं एकच तुम्ही त्या खोलीत शिकवलंत. बाकी थुंकी हे निमित्त.

हे कळल्यावर मी तुमच्या ओळीला हसायचं बंद केलं, असं म्हणून मला चांगलं म्हणवून घेता आलं असतं. पण मी पैज लावली. रेवाची ओळ कुणावर जाते? माझ्यावर गेली तर तुम्ही मला पुन्हा विहिणीची पंगत द्यायची. तुमच्यावर गेली तर मी चौरंग मांडून कोमट पाण्यानं तुमचे पाय धुवायचे, सगळ्यांसमोर. रेवाला दोघींनी बोलावलं. तिनं आपल्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि म्हणाली, "मी तुमच्या भांडणात थुंकणार नाही."

तुम्ही एवढ्या हसलात की चष्मा काढावा लागला. हट्ट कुणाचा, हे तेव्हा कळायला हवं होतं मला.

मग तुमचं आजारपण. त्याचे तपशील मी लिहिणार नाही, ते फायलीत आहेत. एवढंच की गळ्याला किरणांचे शेक दिले आणि तुमच्या तोंडाला कोरड पडली ती पडलीच. ज्या बाईनं अर्ध्या मराठवाड्याच्या थुंकीचा हिशेब ठेवला, तिच्या जिभेवर ओल राहिली नाही. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा आणि तसाच बाहेर यायचा. मी नांदेडहून बॅग भरून आले ती तेव्हाच. खीर, पेज, मुगाचं कढण, काही जाईना. पातळ केलं तर पाणीच पोटात जायचं, अंगी काही लागायचं नाही. घट्ट केलं तर घशात अडकायचं.

एका दुपारी तुम्ही म्हणालात, ज्वारीची चव विसरले.

मी स्वयंपाकघरात गेले. ज्वारीच्या पिठाची घट्ट लापशी केली. वाटी घेऊन उभी राहिले आणि मला ती म्हातारी दिसली. पत्र्याला टेकलेली. माझ्या तोंडात सगळं होतं हो, लातूरला पहिलं आलेलं. मी तुमच्याजवळ येऊन बसले आणि म्हटलं, विहीणबाई, नाही म्हणू नका. मी यात थोडी माझी घालते. पातळ होईल आणि कस जाणार नाही. तुम्हीच शिकवलंय.

तुम्ही माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलंत. आवाज फुटत नव्हता तुमचा, तरी म्हणालात, "आलात का शेवटी ओळीवर?" आणि मग मान हलवून, "नको. जंतू."

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला आपली थुंकी द्यायला निघाले, आणि विहिणीनं नाकारली! तीही माझ्याच मुद्द्यावर! मी तशीच वाटी घेऊन बसले आणि आपण दोघी हसलो, तुम्ही बिनआवाजाच्या, मी तुमच्या वाट्याचंही.

मग तुम्ही एकेक शब्द करून सांगितलंत. ज्वारी भिजवून मोड आणा. मोड आले की उन्हात वाळवा, दळा. अंकुरलेल्या दाण्यात तसंच विकर असतं, दाणा स्वतःचं पीठ तोडून खातो. त्या पिठाची चिमूट घट्ट लापशीत घाला. "पण उकळत्यात नाही. बोट सोसेल इतकी होऊ द्या. कढत असेल तर मरतं ते." मी केलं. विहीणबाई, ती लापशी डावाला सोडत नव्हती, आणि चिमूट घालून ढवळत गेले तशी डोळ्यांदेखत सैल होत गेली, ओतता येईल इतकी. तुम्ही खूण केलीत, आता एक उकळी द्या, तुमच्या जंतूंसाठी.

तुम्ही अर्धी वाटी खाल्लीत. "गोड आहे," म्हणालात. साखर घातली नव्हती.

आपला खटला त्या वाटीत मिटला. त्यानंतरचे तुमचे दिवस त्या लापशीवर गेले. मला तुम्ही शेवटी उपयोगी पडू दिलंत, याबद्दल आभार मानायचे राहिले आहेत. मानते.

इथवर शनिवारी लिहिलं. आता सोमवार आहे.

रविवारी पहाटेच उठून मी खोली झाडली, नळ्या धुतल्या. पोरं येतील का याची धाकधूक होती. सात-आठजण आली. चप्पल बाहेर काढून, परक्या घरात यावं तशी, आणि तुमच्या खुर्चीकडं न बघता बसली. रेवा वर माडीवरच होती. तुम्ही गेल्यापासून ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती, आणि मी बोलावलं नाही.

मी पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, मी मराठीची. मला येतं तेवढं सांगेन, येत नाही ते तुम्ही सांगा. मॅडम आधी स्वतःची ओळ काढायच्या, मी माझी काढते. माझी थुंकी या खोलीत पहिली आलेली आहे. पोरं हसली. मी कांजी घेतली, थुंकी घातली, टाईलवर थेंब ठेवला. निळा. दुसरा, निळा. तिसरा, निळा. चौथा, गडद निळा. देगलूरची एक मुलगी आहे, ती थेंब तोंडातल्या तोंडात तेलुगूत मोजते. तिचं मोजणं थांबलं. पोरांच्या नळ्यांतही तेच. सगळी टाईल निळी. कंधारच्या एका मुलानं हळूच वहीत पिवळा लिहिलेला मी पाहिला.

व्याही दारात येऊन उभे होते. माझ्या डोळ्यांसमोर कॉट आल्या, तीन, ओळीनं लावलेल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रेवा सरळ आत आली, टाईल बघितली, कांजीच्या पातेल्याला बोट लावलं आणि झटक्यानं काढून घेतलं.

"आजी, केवढी कढत आहे ही. मारून टाकलंस सगळ्यांना."

बोट सोसेल इतकी. सांगितलं होतंत तुम्ही. लापशीच्या वेळी मी ते पाळलं, कारण तुम्ही समोर होतात. रविवारी घाईत चुलीवरची कांजी तशीच नळ्यांत ओतली. मी पोरांना म्हटलं, बघा, हे पुस्तकात एका ओळीत आहे, उष्णतेनं विकर निकामी होतं. आज मी तुम्हाला ते करून दाखवलं. एक पोरगा म्हणाला, "आजी, मुद्दाम केलं का?" मी म्हटलं, नाही रे बाळा. दिसलं ते लिही, आजीनं घाई केली.

रेवानं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवलं. थांबून परत बोट लावून बघितलं. तुमचा चष्मा सोडला तर तुम्हीच. सगळ्यांना चूळ भरायला लावली, नळ्या नव्यानं मांडल्या. मग म्हणाली, "लातूरच्या आजीच्या जागी पहिली ओळ मी काढते," आणि वाटी घेऊन कोपऱ्यात गेली.

मी आपली जागा सोडून पोरांत जाऊन बसले.

निळा. निळा. माझी ओळ या वेळी नेहमीसारखी लवकर पिवळी झाली, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. बाकीच्यांच्या ओळी एकेक करून फिक्या पडत गेल्या. रेवाची निळीच. कंधारचा मुलगा म्हणाला, हिचंही चुकलं, पुस्तकात तर जातो निळा. रेवानं मान वर न करता सांगितलं, "चुकलं नाही. हळू आहे. लिही, अजून निळा." त्यानं लिहिलं. मग मागचं ते पिवळंही खोडलं, हे मी बघितलं.

टाईल संपली. रेवानं उठून दुसरी आणली आणि पहिलीला चिकटवून ठेवली.

व्याही दारातून आत आले. चष्मा वर करून वाकले, बोट टाईलपासून थोडं वर धरून ठिपक्यांवरून पार शेवटपर्यंत नेलं. दर वर्षी नवी पोरं आली की ही ओळ त्यांनी बघितलेली. "ही तर तिची ओळ आहे," ते म्हणाले. जाताना मला म्हणाले, "ताई, टाईल कमी पडतील. आणून ठेवतो."

कॉटचं नाव त्यांनी काढलं नाही.

विहीणबाई, पोर तुमच्यावर गेली. तुम्ही म्हणाल, एका ओळीवरून काही ठरवू नका, पोरगी रडून आली होती, तोंड कोरडं असेल, सकाळी काही खाल्लं नव्हतं. असेल. मी ठरवून टाकलंय. हे तुमच्यासमोर कबूल करायला मला जड गेलं असतं, पण केलं असतं. चौरंगही मांडला असता. पाणी दोनदा बदललं असतं, पाहिजे तितकं कोमट होईपर्यंत.

पोरं गेल्यावर मी पाणी तापवलं, बोट लावून बघितलं आणि त्या दोन टाईल घेऊन मोरीवर बसले. सगळ्यांसमोर नाही, पण रेवा बघत होती. एकदा वाटलं, ओळ तशीच ठेवावी, भिंतीला लावून. मग धुतल्या. पुढच्या रविवारी लागणार आहेत.